अर्ध्या हळकुंडाचा इंजिनीयर

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजार गावात माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि तिथं मी मशीन कमी अन् माणसं जास्त दुरुस्त करतो, असं माझी बायको म्हणते. कुणी बिचारा बंद पडलेलं मशीन घेऊन आला की त्याला 'उद्या या' म्हणून मोकळं करायचं, तर मी त्याला स्टुलावर बसवतो आणि आत काय काय असतं ते समजावून सांगतो. त्याला ते नको असतं. त्याची जीप सुटत असते. पण मी एकदा बोलायला लागलो की लाईट गेल्याशिवाय थांबत नाही, आणि कधी कधी लाईट गेल्यावरही थांबत नाही.

आमच्याकडं कंप्युटरच्या अख्ख्या डब्याला 'शिपू' म्हणतात. "शिपू आणलाय, बघा जरा." हे ऐकलं की माझं डोकं सटकतं. अहो, सीपीयू म्हणजे प्रोसेसर, तो आत असतो, चौकोनी बिस्किटाएवढा. हा डबा म्हणजे नुसता पत्रा! एका बाजाराच्या दिवशी एका म्हाताऱ्या बाबांना मी हे सगळं हातवारे करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "बराबर हाय बाबा तुझं. पण शिपू दुरुस्त हुईल का?"

मग मी स्वयंपाकघराचं उदाहरण शोधून काढलं. प्रोसेसर म्हणजे भाकरी करणारी बाई. रॅम म्हणजे तिच्यापुढचा ओटा. हार्डडिस्क म्हणजे मागच्या खोलीतली कोठी. कोठीत धान्य वर्षभर राहतं, पण कोठीत बसून भाकरी थापता येत नाही. पीठ ओट्यावर आणावं लागतं. ओटा लहान असला तर बाईच्या सारख्या कोठीकडं येरझारा होतात आणि भाकरीला उशीर होतो. तुम्ही म्हणता कंप्युटर स्लो झाला, तर बाई स्लो नसते, ओटा लहान असतो. आणि लाईट गेली की ओटा साफ! सेव्ह करणं म्हणजे ओट्यावरचं उचलून कोठीत ठेवणं. न ठेवता लाईट गेली तर बोंबलत बसा.

हे मी इतक्या जणांना सांगितलंय की बायकोला पाठ झालंय. एकदा गिऱ्हाईकासमोरच तिनं विचारलं, "बाई राबती, ओटा हाय, कोठी हाय. मंग यात तुमी कोण?" मी विचारात पडलो, तोवर तिनंच सांगून टाकलं, "तुमी फॅन. नुसता आवाज." ते गिऱ्हाईक अजून येतं आणि आधी तिला नमस्कार करतं.

तसं माझं शिक्षण म्हणाल तर हिंगोलीला केलेला एक कोर्स. त्यालाही मला माझ्या दादानंच घातलं. दादा माझ्याहून बराच मोठा. शेती त्यानं ओढली, मला म्हणाला, "तुला ढेकळात राम वाटत न्हाई, तू शीक." त्याचा हळदीचा धंदा. शिजवून वाळवलेली हळद पॉलिश करायचा मोठा लोखंडी ढोल त्यानं घराच्या मागच्या अंगणात बसवला होता. ढोल फिरला की हळकुंडं एकमेकांवर घासून चकचकीत होतात, आणि वरची साल भुकटी होऊन उडते. ती कुठं उडते? भिंतीच्या अलीकडं, घराच्याच पुढच्या खोलीतल्या माझ्या दुकानात. सीझनला माझ्या चहावर पिवळी साय यायची.

मला चहाचं दुःख नव्हतं. दुःख होतं फॅनचं. प्रोसेसरला खरं म्हणजे अक्कल नसते. हे आणि ते मिळव, यातला मोठा कोणता बघ, इथलं उचलून तिथं ठेव, एवढंच त्याला येतं. पण ते इतक्या झपाट्यानं करतो की आपल्याला वाटतं, हा विचार करून राहिला. त्या झपाट्यानं तो तापतो. म्हणून त्याच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि त्याच्यावर फॅन असतो. ठोकळा उष्णता ओढून घेतो, फॅन ती उडवून लावतो. पात्यांमध्ये धूळ गच्च बसली तर फॅन फिरूनही उपयोग नाही. आणि माझ्या दुकानात आठवडाभर राहिलेलं मशीन उघडलं की आत असं पिवळंधमक दिसायचं, जणू मशीनचं लग्न ठरलंय.

दोन सीझनमागं, भर बाजाराच्या दिवशी, एका गिऱ्हाईकानं सगळ्यांदेखत विचारलं, "दुरुस्तीला टाकला व्हता का हळदीला?" लोक हसले. माझं डोकं तापलं. मी तसाच मागच्या अंगणात गेलो आणि दादाच्या गड्यांसमोर, व्यापाऱ्यांसमोर ओरडलो, "बंद करा ते! हळद न्हाई, जहर हाय ही! माझ्या धंद्याला जहर!"

दादानं ढोल बंद केला. माझ्याकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला आमचा इंजिनीयर."

झालं! म्हण चपखल बसली, तिथंच सगळा घोटाळा झाला. थोडक्या यशानं फुगलेल्या माणसाला असं म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक, आणि हळदीच्या बाजारात ती म्हण म्हणजे घरचाच माल. संध्याकाळपर्यंत स्टँडवरचे जीपवालेसुद्धा मला 'ओ, हळकुंडवाले इंजिनीयर' म्हणायला लागले. दुसऱ्या दिवशी दादानं ढोल उचलून शेतात नेला, स्वतःही शेतातल्या घरी राहायला गेला. मी म्हटलं, बघा, हरला. बायको म्हणाली, "हरला न्हाई, तुमच्यासाठी जागा सोडून गेला." ते मला कळत नव्हतं असं नाही, पण कळूनही मी गेलो नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

यंदा दादाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि सगळीच पंचाईत झाली. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्याकडं कन्यादानाला जोडपं लागतं, एकट्या बापाला बसता येत नाही. अशा वेळी मुलीचे काका-काकू बसतात. म्हणजे मी आणि माझी बायको. बायकोचं काही अडलं नव्हतं, तिचं शेतात जाणं-येणं चालूच होतं. वहिनींच्या मागं त्या पोरीची वेणी हिनंच घातलेली. अडलं होतं ते माझ्यापाशी. मी म्हणायचो, दादानं बोलवावं. दादा म्हणायचा, घरच्याला काय बोलावणं? तो मला बोलवत नव्हता, कारण मी घरचा होतो, आणि मी जात नव्हतो, कारण घरच्यानं बोलावलं नव्हतं. असल्या गाठी मारायला आमच्या घराण्यात कोर्स करावा लागत नाही.

शेवटी भावकीनं तोड काढली की आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचे चुलत भाऊ-भावजय कन्यादानाला बसतील. मी म्हणालो, "बसू द्या. मला काय?" त्या दिवशी मी एका चांगल्या चालणाऱ्या मशीनची रॅम उलटी घालायचा प्रयत्न केला. रॅमला मधे खाच असते, ती उलटी बसतच नाही. मी बराच वेळ जोर लावत होतो.

हळदीच्या तीन-चार दिवस आधी पुतणी दुकानात आली. स्कूटीवर मागं ओढणीनं बांधलेला डबा.

"काका, शिपू आणलाय."

दुसरं कुणी असतं तर मी खाऊन टाकलं असतं. मी म्हणालो, "ठेव."

"सारखा बंद पडून राहिला. चालू केला की थोड्या वेळानं गप."

"दादाला सांग दुसरा घे. मोठा बागायतदार हाय."

"मला हाच दुरुस्त पायजे," ती म्हणाली. "मी गेल्यावर बाबा एकटेच. मोबाईलवर त्यांना माझं तोंड दिसत न्हाई, डोळे चुरचुरतात. मोठ्या पडद्यावर रोज बोलता येईल."

मग डब्यावरून ओढणी सोडता सोडता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "अन् काका, गोरेगावच्या काकांना मी दोनदा भेटली असंल. त्यांच्या हातून मला देणार का तुमी?"

  मी पेचकस घेतला आणि डबा उघडला.

आत हळदच हळद. फॅनच्या पाकळ्यांवर थर, ठोकळ्याच्या पात्यांमध्ये लगदा, मदरबोर्डच्या कोपऱ्याकोपऱ्यात पिवळं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दोन सीझन मी जे ओरडत होतो त्याचा पुरावा समोर. "बघ! बघ! मी म्हणत न्हवतो? तापतो, म्हणून बंद पडतो. याला तुझ्या बापाची हळद लागलीय!" पोरगी हसली. "कंप्युटरला पण लागली, मला पण लागायचीय. काका मात्र कोरडे." मी ऐकलं नाही असं दाखवलं. माझा फॅन जोरात चालू होता.

तिला बसवून मी सगळं दाखवलं. हा पॉवर सप्लाय, भिंतीतला करंट याला झेपंल एवढा करून देतो. ही रॅम, ओटा. ओट्याचं ऐकून ती म्हणाली, "हे माहीत हाय, काकू सांगती." ही हार्डडिस्क. जुनी आहे, हिच्यात तबकडी फिरते आणि वर सुई सरकते, नव्यात फिरायचं काही नसतंच, नुसत्या चिप असतात, म्हणून त्या झपकन उघडतात. मी तिला नवी बसवून देतो म्हणालो. मग ठोकळा काढला आणि प्रोसेसर दाखवला. त्याच्यावर वाळून खडखडीत झालेलं पांढरं मलम होतं.

"हे कशाला?"

"प्रोसेसरची पाठ अन् ठोकळ्याचं बूड दोन्ही गुळगुळीत दिसतात, पण बारीक खड्डे असतात. खड्ड्यात हवा राहती, अन् हवेतून उष्णता नीट जात न्हाई. मलमानं खड्डे बुजतात."

"म्हणजे दोघं चिकटून बसले तरी मधी हवा असती," ती म्हणाली.

"बारीक. डोळ्याला दिसत न्हाई."

 मला तिचं पुढचं वाक्य दिसत होतं आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

ब्लोअर लावून मी हळद उडवली. ती सगळी माझ्याच अंगावर आली. ब्रशनं पाती साफ केली, जुनं मलम पुसून नवं लावलं, ठोकळा बसवला. नवी हार्डडिस्कही घातली. इथंच चालू करून देतो म्हटलं तर ती म्हणाली, "पडदा, कॅमेरा सगळं शेतात हाय. तुमालाच येऊन जोडावं लागंल."

"मी मेकॅनिक म्हणून येईन," मी म्हणालो. "भाऊ म्हणून न्हाई."

"या की. मेकॅनिकला चहा मिळंल."

दुपारी बायकोला मागं बसवून, डबा पुढं ठेवून मी गाडी शेतात नेली. अंगणात मांडवाचे खांब रोवणं चाललं होतं. बाजूच्या शेडमध्ये तो ढोल. दादा दारात उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी डब्याकडं पाहिलं. बायको म्हणाली, "भाऊजी, मेकॅनिक आणलाय." दादा बाजूला झाला.

मी वायरी जोडायला लागलो आणि बोलायलाही लागलो. पुतणीशी, पण आवाज असा की दादाला, गड्यांना, मांडववाल्यांनाही ऐकू जावा. "धुळीनं काय हाल झाले होते बघितलेस ना! बरं झालं माझ्याकडं आणला. दुसऱ्या कुणाला कळलंच नसतं." दादा चौकटीला टेकून ऐकत होता. मला आतून उकळ्या फुटत होत्या. आता चालू करतो आणि सगळ्यांना दाखवतो, हळकुंड अर्धं का आख्खं.

बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळी आल्या आणि खाली, पुढं जायला एफ-वन दाबा. मी दाबलं. मी नेहमीच दाबतो. गिऱ्हाईकांना मी ओरडतो, 'पडद्यावर काय लिहून येतं ते आधी वाचत जा', आणि स्वतः मात्र वाचत नाही, कारण मला माहीत असतं.

चालू झाला. झटकन झाला! पुतणीनं टाळी वाजवली. मी दादाकडं न बघता कॉलर नीट केली. मग पडद्यावरचा बाण चिखलात रुतल्यासारखा चालायला लागला. मग थांबला. मग पडदा काळा, सगळं गप.

परत चालू केला. परत एफ-वन. परत गप. मांडववाले काम थांबवून खिडकीत जमा झाले. माझ्या कानशिलाला घाम आला आणि माझं डोकं, जे तापण्याबद्दल प्रसिद्ध आहे, ते तापलं. "प्रोसेसर गेला! हळद आत गेली, आता काही होत न्हाई! मी म्हणालोच होतो, जहर..."

"काका," पुतणी उघड्या डब्यात वाकून म्हणाली, "ह्यो पंखा फिरायला पायजे का?"

मी पाहिलं. फॅन थंडगार बसला होता. त्याची वायर बाजूला लोंबत होती, रिकामी. साफ करताना मी काढली आणि लावायची राहिली. आणि पडद्यावर मशीन बिचारं दर वेळेला तेच लिहून सांगत होतं, की फॅन लागत नाही, फॅन लागत नाही, आणि इंजिनीयर एफ-वन दाबून पुढं जात होते.

 मी वाट बघत होतो. आता दादा म्हणणार. खिडकीत एवढी माणसं आहेत, म्हण तयार आहे, हळद तयार आहे, सोन्यासारखी संधी. मी असतो तर सोडली नसती.

दादा आत आला. डब्यात डोकावून त्यानं विचारलं, "जळालं का रे ते?"

दोन सीझननंतरचं पहिलं वाक्य. मी खाली बघूनच म्हणालो, "न्हाई. तापलं की आधी ते हळू काम करतं. तरी न्हाई निभलं तर आपलं आपण बंद होतं. जळू देत न्हाई स्वतःला."

"मशीनला कळतं म्हणजे," बायको म्हणाली. कुणाला उद्देशून ते तिनं सांगितलं नाही. मग मात्र जरा हळू म्हणाली, "अन् फॅन नुसता आवाजाला नसतो म्हणा की."

मी वायर खोचली. फॅन घुर्र करून फिरला. कंप्युटर चालू झाला तो चालूच राहिला. पुतणीनं शेजारच्या खोलीत जाऊन मोबाईलवरून लावलं आणि पडद्यावर तिचं तोंड आलं, हे एवढं मोठं. दादा खुर्चीवर बसला. चष्मा काढून पुसला, परत लावला. "दिसती," तो म्हणाला. "चांगली दिसती." पोरगी पलीकडच्या खोलीतून बाबा, बाबा करत होती आणि तो पडद्याकडं बघत नुसती मान हलवत होता.

मी पेचकस, ब्रश गोळा केला. मेकॅनिकचं काम झालं होतं, चहाही झाला होता. दारापर्यंत पोचलो तर मागून दादाचा आवाज आला.

"इंजिनीयर."

आलं, म्हटलं. ठेवलं होतं राखून. मी वळलो. त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. शर्ट, हात, कान, केस, मी सगळा पिवळा झालो होतो.

"हळद काढून झाली असंल," दादा म्हणाला, "तर आता लावायला ये. दोघं या. गोरेगाववाल्याला मी कवाच न्हाई म्हणून कळवलंय."

मला खूप बोलायचं होतं. हे बोलावणं समजायचं का, असं विचारायचं होतं. पण त्याआधीच डोळ्यांतून सगळं निघायला लागलं, गड्यांसमोर, मांडववाल्यांसमोर. मी बाहीनं पुसायला गेलो, तर बाहीवरची हळद डोळ्यात गेली आणि आणखीच वाहायला लागलं.

"डोळ्यात हळद गेली," मी म्हणालो.

"जाऊन राहिली असंल," दादा म्हणाला, आणि खांद्यावरचा रुमाल काढून त्यानं माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायचा तसं, रगडून. "जहरच हाय ती."